चिंतामणरावांचे उपास

नाशिक,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय वाल्मीकराव,

सप्रेम नमस्कार. नमस्काराला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून तो अगदी मनापासून.

कॅन्सरच्या शेकाचे, म्हणजे त्या रेडिएशनचे, तेहतीस दिवस आपण दवाखान्यातल्या एकाच बाकावर बसलो, त्याला आता वर्ष होत आलं. तुम्ही खिशातल्या वहीत लिहायचात आणि मी बोलायचो. माझं बोलणं त्या दिवसांत तुम्हालाच तेवढं कळायचं. परवा तुम्हाला फोन लावला तर तुमच्या हर्षलने उचलला. पाच मिनिटं ऐकून म्हणाला, "काका, रेंज नाय, आवाज तुटतोय." रेंज उत्तम होती. तुटलेली आहे ती माझी जीभ. आणि त्याने फोन तुमच्या हातात दिला असता तरी काय, तुमच्या गळ्यातली आवाजाची पेटी डॉक्टरांनी काढून घेतलेली. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर माझा फोन घरात सगळे उघडतात. म्हणून हे पत्र. जिल्हा परिषदेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं आवक-जावक केली, आता एक स्वतःचं.

आनंदाची बातमी म्हणजे यशश्रीचं लग्न ठरलं. मुलगा विश्वेश, इथलाच, सालस आहे. मुहूर्त मार्गशीर्षातला. दसऱ्यापासून केळवणं सुरू झाली. नातेवाईक नवऱ्या मुलीला आणि तिच्या आईबापांना जेवायला बोलावतात, तुमच्याकडे गडगनेर म्हणतात तेच.

दुसरी बातमी अशी की मी परीक्षेत पहिला आलो. मागच्या तपासणीला निकिता नावाच्या मुलीने एक फॉर्म भरून घेतला, आजारानंतर तुमचं जगणं कसं चाललंय याचा. पस्तीस प्रश्न. 'लोकांसमोर जेवताना तुम्हाला किती त्रास होतो?' अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. मी 'अजिबात नाही'वर खूण केली. तिने बेरीज केली, शंभरात एक्क्याण्णव. म्हणाली, "काका, नव्या पेशंटशी बोलायला याल का? त्यांना धीर येईल."

केळवणांचं म्हणाल तर काही अडचण नाही. माझे उपास चालू आहेत. संकष्टी, दोन्ही एकादश्या, प्रदोष, सोमवार आणि शनिवार. देवाने एवढं वाचवलं, त्याचं काही करायला नको का?

सौ. सगुणाबाईंना नमस्कार.

आपला,
चिंतामण

---

देवळा,
२४ ऑक्टोबर २०२४

चिंतामणराव, रामराम.

पत्र पोचलं. पोस्टमन पाकीट देऊन दारातच थांबला, मी फोडतो कधी म्हणून. आमच्या गल्लीत पोस्टाने आधार कार्डाशिवाय काही येत नाही.

यशश्रीचं वाचून फार बरं वाटलं. उपासाचं मात्र हर्षलला घरात वाचून दाखवायला लावलं ते चुकलंच. सगुणा तेव्हापासून माझ्यामागे लागली आहे. "ते बघा, त्यांला जिवाची किंमत कळली. लय मोठं मन हाय त्या माणसाचं. आन तुम्ही? एक शनिवार धरवत नाय." तिने तुमच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, भगर आणि आमच्या शेतातले भाजलेले शेंगदाणे दिले आहेत. हर्षल सातपूरला कंपनीत येतो, तो डबा आणून देईल. लाडू जरा कडक झालेत, पण दातांनी फोडले की चवीला चांगले आहेत.

माझं खाणंपिणं व्यवस्थित आहे. सगळं गिळता येतं. फक्त नाक गेलं. श्वास गळ्याच्या भोकातून, त्यामुळे नाकातून वारा जात नाही आणि वास म्हणून येत नाही. तीस वर्षं लिलावात भाव पुकारले. ट्रॅक्टरजवळून नुसतं चालत गेलो तरी ढिगाच्या पोटात सडका कांदा आहे का ते सांगायचो. आता चांगला आणि सडका मला सारखाच. आणखी एक गंमत, मला फुंकर मारता येत नाही. चहा गरम असला तर सगुणा बशीत ओतते आणि फुंकून देते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, असले लाड पहिल्यांदा होतायत.

मार्केटात रोज जातो. आता पुकारतो त्याला खुणेने दोन गोष्टी सांगतो. माणसं मान देतात.

१८ नोव्हेंबरला माझी तपासणी आहे. मुक्काम तुमच्याकडे, जेवणही तुमच्याकडे. वहिनींना सांगा, काही विशेष नको, साधा वरणभात. पण तुमच्या शेजारी बसून.

तुमचा,
वाल्मीक आहेर

---

नाशिक,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय वाल्मीकराव,

डबा मिळाला. लाडू उत्तम होते. सगुणाबाईंना सांगा, एकही उरला नाही.

तुम्ही अठरा तारीख लिहिलीत, त्या दिवशी नेमका सोमवार, आणि त्यात संकष्टी. तुमची गैरसोय होईल. सकाळी या, चहा घेऊ, पोटभर गप्पा मारू. मुक्कामाची जबरदस्ती नाही.

काल शनिवारी विश्वेशच्या घरी केळवण झालं. मी शनिवार सांगितला, तर त्यांच्या आईंनी माझ्यासाठी चांदीच्या वाटीत केळं घातलेलं दूध आणलं. मी म्हणालो, निर्जळी. माझं बोलणं त्यांना कळेना म्हणून कुसुमने पुन्हा सांगितलं. त्या बाईंनी वाटी खाली ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. आमच्या इमारतीतही तेच चाललंय. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ परवा मुलाची पत्रिका घेऊन आले होते. आयुष्यभर तंबाखू मळणारा हा हात, त्याला आता लोक आशीर्वाद मागतात.

यशश्री येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. दमली असेल.

आता आमच्या घरचं केळवण तेवढं राहिलंय. चोवीस तारीख. मुलीच्या शेजारी बापाने बसायचं असतं. ना संकष्टी, ना एकादशी, ना प्रदोष, साधा रविवार. तीनदा पंचांग पाहिलं.

आपला,
चिंतामण

---

देवळा,
१४ नोव्हेंबर २०२४

चिंतामणराव,

तुमचा उपास तो माझा उपास. सकाळपासून मीही काही खात नाही, चंद्र दिसला की दोघं मिळून सोडू. सगुणा इतकी खूश झाली आहे की तिने माझं धोतर इस्त्रीला दिलं.

वाल्मीक

---

नाशिक,
१९ नोव्हेंबर, सकाळी

श्री. वाल्मीकभाऊंना कुसुमचा नमस्कार.

तुम्ही अंघोळीला गेला आहात तेवढ्यात लिहिते आहे. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात थोडी साखर घातली आहे, आणि खाली ही चिठ्ठी. मी लिहिलं हे यांना कळू देऊ नका.

काल चंद्र वर आला, मी दोन ताटं वाढली, मोदक ठेवले. हे म्हणाले, जप करून येतो, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुम्ही दिवसभराचे उपाशी. मी तुम्हाला दहादा म्हटलं, जेवून घ्या. तुम्ही वहीत लिहिलंत, 'ते आल्यावर.' मग तासाने लिहिलंत, 'वहिनी, ते आत काय करतायत?' मला सांगवलं नाही. तुम्ही तसेच निजलात. माझ्या घरात पाहुणा उपाशी झोपला, असं कधी झालं नव्हतं.

भाऊ, ते आत जेवत होते. यांचा एकही उपास खरा नाही. तोंड एका बोटाएवढं उघडतं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून रोज व्यायाम करतात, अकराच्या पुढे बारावी जात नाही. सगळं मिक्सरमधून काढून देते. डाव्या ओठाला काही कळत नाही, तिथून गळतं. लाळ नाही, प्रत्येक घासाला पाणी. एका जेवणाला सव्वा तास लागतो. आरसा समोर ठेवून, गळ्याशी टॉवेल बांधून एकटे जेवतात. चौदा महिने झाले. मी ओट्याशी उभी राहून जेवते. बत्तीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो होतो.

लाज तर वाटतेच यांना, पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या घरात यांचाच नियम, पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. यशश्री सात वर्षांची असताना टीव्ही बघायला मधेच उठली, तर यांनी तिला परत आणून बसवलं. सासऱ्यांना दात नव्हते, त्यांचं जेवण लांबायचं. ती रडत, हात वाळवत बसली होती. आता म्हणतात, "माझ्यापायी दहा माणसांचे हात वाळणार. मी नाही बसायचा."

यशश्रीने मला परवा विचारलं, "आई, बाबांनी त्यांच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना विश्वेश पसंत नाही का? नसेल तर मला आत्ताच सांगा." दिवसाचं यांचं जेवण ती घरात नसताना उरकतं, रात्री तिला वाटतं ते खोलीत जपच करतात. मला यांनी शपथ घातली आहे, मी काय सांगू? सांगण्यासारखं माणूस तुम्हीच आहात.

कुसुम

---

देवळा,
२० नोव्हेंबर २०२४

चिंतामणराव,

स्पीड पोस्टाने पाठवतोय, कारण रविवारच्या आत हे तुमच्या हातात पडलं पाहिजे.

मला राग आला आहे, तो आधी लिहून टाकतो. आमच्याकडे पाहुण्याला एकट्याला जेवू घालत नाहीत. घरधनी आजारी असला तरी ताटाशी येऊन बसतो. मी तुमच्या घरात भरल्या ताटासमोर तासभर बसलो आणि दारापलीकडून मला चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. आवाज गेलाय माझा, कान नाही गेले.

येताना एसटीत सगळा हिशोब लागला. त्या फॉर्मवर तुम्ही खूण केली की लोकांसमोर जेवताना अजिबात त्रास नाही. खोटी नाही ती. लोकांसमोर जेवतच नसाल तर त्रास होणार कुठून? मला कसं कळलं सांगू? माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, फोनवर बोलताना किती त्रास होतो. मीही 'अजिबात नाही' लिहून आलो. मी फोनला हातच लावत नाही.

आणि तुम्हाला लिहिलं ना, मार्केटात रोज जातो म्हणून? एकदाच गेलो, फेब्रुवारीत. ट्रॅक्टरांची रांग लागली होती, माणसं भेटायला जमली. आधी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग सगळी मोठमोठ्याने बोलायला लागली, मी बहिरा झाल्यासारखी. ज्या जागेवर माझा आवाज शंभर ट्रॅक्टरांवरून जायचा तिथे माणसं माझ्या कानात ओरडत होती. त्या दिवसापासून घरच्या ओट्यावर बसून असतो. सगुणा मला ऐकवते, पण हे बाहेर कुणाला सांगत नाही.

तर आपण दोघं लबाड. पण माझ्या लबाडीत माझंच नुकसान आहे. तुमच्या लबाडीत पोरगी भरडली जातेय. बापाने होणाऱ्या जावयाच्या घरचं पाणी घेतलं नाही, याचा अर्थ दुनियेत एकच होतो, सोयरीक मनात नाही. ती गाडीत दमली म्हणून गप्प नव्हती. आपल्या बापाचं मन मोडून ती बोहल्यावर चढणार आहे असं तिला वाटतंय. तुम्ही तिला काय द्याल ते द्या, पण हे देऊन पाठवू नका.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाची बोली पुकारली. आज माझी लावतो. रविवारी तुम्ही पंगतीत बसायचं. तुम्ही बसलात तर मी मार्केटात जाईन. सरकारी बोली एक, सरकारी बोली दोन. तीन तुम्ही म्हणायचं.

वाल्मीक

---

नाशिक,
२५ नोव्हेंबर २०२४

वाल्मीकराव,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. दिवसभर तुमचा राग राग केला. शनिवारी संध्याकाळी यशश्रीला हाक मारली, पण सांगता येईना. इतके महिने घोटून ठेवलेलं, त्यात ही जीभ. शेवटी तुमचं पत्रच तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं. मला वाटलं रडेल, चिडेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरची माझी वाटी शोधून काढली आणि कुसुमला म्हणाली, "उद्या पुरण बाबांसाठी दूध-तूप घालून वेगळं फिरवायचं. मला दाखव किती पातळ करतेस."

काल आम्ही नऊजण होतो. विश्वेशलाही बोलावलं होतं. ताटांभोवती रांगोळ्या, यशश्रीच्या डाव्या हाताला माझं ताट. त्यात तीन वाट्या, एक चमचा आणि मांडीवर टॉवेल. पहिल्याच घासाला दूध ओठातून गळलं आणि हनुवटीवरून रांगोळीत पडलं. माझ्या बहिणीने मान फिरवली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, हे तुम्हाला खरं सांगतो. पाय दुमडलेले म्हणून तेवढा राहिलो.

पाऊण तासात सगळ्यांची जेवणं झाली. माझी दुसरी वाटीसुद्धा संपली नव्हती. मी हाताने खूण केली, उठा. कोणी हललं नाही. पुन्हा केली. विश्वेशला बिचाऱ्याला आमच्या घरची रीत काय ठाऊक, तो उठायला लागला. यशश्रीने त्याची बाही धरली. "बस खाली. बाबांचं व्हायचंय."

वीस वर्षांपूर्वी मी तिला जसं बोललो होतो ना, अगदी तोच सूर.

तो बसला. सगळे बसले. बोटांवरचं पुरण वाळलं, मग भातही वाळला. मग माझी बहीणच कुठलीशी जुनी गोष्ट काढून बसली, आमचे वडील दात नसताना पापड कसा खायचे ती. हसणं झालं. कुसुमने थोडा भात पुन्हा वाढून घेतला आणि समोर बसून सावकाश खात राहिली. तिला भूक नव्हती, मला माहीत आहे.

सव्वा तास लागला. शेवटचा चमचा मी तोंडात घातला आणि मान वर केली तर आठ ताटांवर आठ वाळलेले हात. मग यशश्री म्हणाली, "आता उठा."

लाज गेली असं नाही. शेवटच्या घासापर्यंत होती, उद्याही असेल. पण उठताना मी रडलो, तो लाजेने नाही. हात धुताना यशश्री शेजारी आली, म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला तो आवडला नाही." मी म्हणालो, फार आवडला. तिला पहिल्या झटक्यात कळलं.

तीन.

चिंतामण

---

देवळा,
१५ डिसेंबर २०२४

चिंतामणराव,

लग्न थाटात झालं. विहिणीशेजारी बसून तुम्ही वाटीतलं खात होतात ते लांबून बघितलं. सगुणाला सगळं खरं सांगितलं आहे. म्हणाली, "मंग आमचे कडक लाडू त्यांनी खाल्ले कसे?" ते उत्तर तुमचं तुम्ही द्या.

माझ्या अर्ध्या बोलीचं असं. पहिल्या दिवशी गेटापासून परत आलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सगुणा बरोबर आली, तेव्हा आत गेलो. माणसं पुन्हा ओरडली, मी वहीत लिहिलं, 'ऐकू येतं.' एकाने ट्रॅक्टरवरचा कांदा हातात दिला, "आण्णा, बघा बरं." वास काही आला नाही. दाबून बघितला, देठाकडे मानेपाशी मऊ लागला. मी मान हलवली. त्याने तो बाजूला टाकला.

गळ्यावरचा रुमाल अजून काढलेला नाही. तो पुढच्या बोलीत.

वाल्मीक

---

नाशिक,
११ जानेवारी २०२५

प्रिय वाल्मीकराव,

लाडू शेजाऱ्यांना वाटले. सगुणाबाईंना सांगा, शिक्षा भोगायला मी तयार आहे.

काल तपासणी झाली. निकिताने तोच फॉर्म पुढे केला. 'लोकांसमोर जेवताना तुम्हाला किती त्रास होतो?' मी 'खूप'वर खूण केली. घरच्यांना त्रास, बाहेर जाण्यात अडचण, सगळीकडे खरं लिहिलं. तिने बेरीज केली आणि पुन्हा केली. एक्क्याण्णवावरून मी अठ्ठावन्नावर आलो होतो. बिचारी घाबरली. "काका, एवढं खाली कसं आलं? घरी काही झालं का?"

मी सांगितलं, पण तिला कळेना. तेव्हा तुमच्यासारखं कागद मागून लिहून दिलं, 'मुलीचं लग्न झालं. आता घरात दोघंच असतो. रोज समोरासमोर बसून जेवतो.'

तिने वाचलं, फॉर्मकडे पाहिलं. म्हणाली, नव्या पेशंटना भेटायला याल ना? मी हो म्हणालो. पण जेवणाच्या वेळेला बोलाव म्हणून सांगितलं आहे, माझी वाटी घेऊन येईन.

काड्या अजून अकराच जातात.

येत्या शुक्रवारी संकष्टी आहे. मी उपास करणार नाही, तुम्हीही करू नका. मागच्या वेळचं ताट तुमचं राहिलंय, सगुणाबाईंना घेऊन जेवायला या. चहा फुंकायला त्या लागतीलच. आणि वेळ काढून या, तुमचे हात वाळणार आहेत.

आपला,
चिंतामण